वाढत्या अंगाचा स्वेटर

आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, लहानपणी नेमक्या मापाचा स्वेटर घातल्याचं आठवणार नाही. पहिल्या हिवाळ्यात बाह्या दुमडून मनगटाशी जाड वळकटी आणि खालची पट्टी अर्ध्या मांडीपर्यंत. दुसऱ्या हिवाळ्यात जरा बरं दिसायचं. तिसऱ्यात तो अंगाला बसला म्हणेपर्यंत मनगटं उघडी पडायची आणि स्वेटर धाकट्याकडे जायचा. तिथे पुन्हा वळकटीपासून सुरुवात. 'वाढतं अंग आहे, ढगळच असू दे,' हे आई, मावशी, काकू सगळ्यांच्या तोंडचं वाक्य. लोकर महाग, मुलं तीन-चार आणि विणणारे हात घरचे, मग दुसरं काय करणार? त्या दोन-तीन बोटं जास्तीच्या लांबीत पुढच्या वर्षाचा विचार असायचा.

तसं पाहिलं तर आपल्याकडची थंडी ती केवढी! मुंबईत जानेवारीतले चार दिवस. पुणे, नाशिक, नागपूरकडे दिवाळीनंतर माघापर्यंत पहाटेचा काय तो कडाका. ग्वाल्हेर-इंदूरकडचे नातेवाईक आमच्या स्वेटरांकडे बघून म्हणायचे, 'हे तर आमच्याकडे दसऱ्याला घालतात.' त्यांच्याकडच्या बायकांचा हात विणकामात फार पुढे. तिकडची मामी सुटीत आली की दुपारभर तिच्याभोवती घोळका असे आणि ती निघाली की निदान दोन नव्या विणी मागे राहत. पण थंडी थोडी म्हणून आमच्याकडच्या सुया थांबल्या नाहीत. गणपती गेले की लोकर घरात यायची आणि दिवाळीचं फराळाचं आटोपलं की कामाला खरा वेग यायचा.

विणकाम ही बैठक मारून करायची गोष्ट नव्हती, हे आज सांगितलं तर खरं वाटणार नाही. त्याला वेगळा वेळ कुणी देतच नसे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत एक ओळ, मुलाचा पाढा म्हणून होईपर्यंत दुसरी. दुपारी आकाशवाणीवर 'वनिता मंडळ' लागलं की तेवढा वेळ हक्काचा. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला असे, तेव्हा मुलं गाण्यांचे नंबर वहीत लिहीत आणि आईच्या हातात पाठीचा भाग वाढत जाई. मुंबईला मावशी बोरिवलीहून चर्चगेटला नोकरीला जायची. लेडीज डब्यात कुणी मटार सोली, कुणी मेथी निवडी आणि तीन-चार जणींच्या मांडीवर लोकर. गाडी दादरला रिकामी होताना 'दोन टाके एकत्र कुठून करायचे ते उद्या सांगते' असं ओरडून उतरणारी बाई आमच्या मावशीला नावानं माहीत नव्हती, पण तिच्या मुलाचं छातीचं माप पाठ होतं.

बोलताना सुया थांबत नसत. बाईचं लक्ष समोरच्या माणसाकडे आणि बोटं आपलं आपलं मोजतायत. मधेच ओठ किंचित हलत, तेव्हा समजायचं की आता वीण बदलण्याची जागा आली. त्या क्षणी काही विचारायचं नाही. हे घरातल्या अगदी लहान मुलालाही कळायचं.

सुयांना नंबर असत आणि ते उलटे चालत. आकडा मोठा तितकी सुई बारीक. खालच्या पट्टीला बारा नंबर, अंगाला दहा नंबर, हा बहुतेक घरांतला रिवाज, म्हणजे आजच्या मापात पावणेतीन आणि सव्वातीन मिलिमीटर. निलगिरीत केटीजवळच्या कारखान्यातल्या पोनी सुया ज्यांच्याकडे, त्या श्रीमंत. आम्ही मुलींनी मात्र खराट्याच्या काड्यांवर हात बसवला. कुणाच्या भावानं सायकलच्या जुन्या तारा घासून टोकदार करून दिल्या तर त्या शाळेत मिरवायच्या. लोकर कानपूरच्या लाल इमलीची, लुधियानाच्या ओसवालची, नाहीतर इथली ठाण्याची मॉडेला. ठाण्याच्या वेशीवरच्या चेकनाक्याला अजून तिचं नाव चिकटलेलं आहे. दुकानदार लॉट नंबर बघून गुंडे देई आणि त्याच लॉटचे आणखी दोन बाजूला काढून ठेवी. लागले तर न्या, नाहीतर मी विकीन. रंगाच्या हंड्या बदलल्या की तोच लाल रंग दुसऱ्या लॉटमध्ये किंचित वेगळा येतो आणि बाहीच्या मधोमध तो फरक दिसतो, हे त्या दुकानदाराला आणि त्या बायकांना सारखंच ठाऊक होतं.

१९६२ सालचं आम्हाला आठवतं ते घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातून. ऑक्टोबरात चीननं हल्ला केला आणि आपले जवान नेफाच्या, लडाखच्या उंचीवर पुरेशा गरम कपड्यांशिवाय लढतायत ही बातमी घराघरांत पोचली. बायकांनी अंगावरचं सोनं दिलं, ते सगळे सांगतात. पण ज्यांच्याकडे सोनं नव्हतं त्यांच्याकडे सुया होत्या. महिला मंडळांतून, शाळा-कॉलेजांतून लोकर वाटली गेली. स्वेटर, मफलर, मोजे, हातमोजे, कानटोप्या. माप कुणाचं घ्यायचं? घरातल्या सगळ्यात थोराड पुरुषाला उभं करून त्याच्या मापात दोन इंच वाढवले आणि विणायला घेतलं. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं महाराष्ट्र अभिमानानं म्हणू लागला. माझी आजी त्या दिवसांबद्दल एवढंच सांगे की तिनं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसासाठी विणलं आणि बाह्या लांब ठेवल्या, कारण तो किती उंच असेल कोण जाणे.

पुढे पाळी येई ती बाळंतविड्याची. घरात कुणाला दिवस राहिले की पिवळी नाहीतर पांढरी लोकर आणायची, कारण मुलगा की मुलगी ते देवालाच माहीत. दुपटी, झबली, कुंच्या शिवायच्या आणि त्यांच्या जोडीला लोकरीचं टोपडं, मोजे, पुढे बंद बांधायचा इवला स्वेटर. हिंदी सिनेमात नायिका मोजे विणताना दिसली की काही बोलावं लागत नसे, सगळं थिएटर समजायचं.

उसवण्याबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्या पिढीचं खरं कसब मला तिथेच दिसतं. विणायला मासिकांतले नमुने बघून कुणीही शिकेल. पण थोरल्याचा कोपरावर विरलेला स्वेटर शिवण ओळखून नीट सोडवायचा, गळ्याच्या शेवटच्या टाक्यातून दोरा ओढायचा आणि एका लयीत सगळा उसवत न्यायचा, याला हात लागतो. मूल समोर पाटावर बसे, दोन्ही हात पुढे करून. त्या हातांभोवती लोकरीची लडी गुंडाळली जाई. हात खाली आले की 'वर धर' एवढंच. उसवलेली लोकर कुरळी झालेली असते. तिला चार जागी सैल गाठी मारून रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवायची, चोळायची अजिबात नाही, नुसती दाबायची. मग दांडीवर टाकून खाली पाण्याचा लहान तांब्या अडकवायचा. दोन दिवसांत त्या वजनानं लोकर सरळ होई. कोपराजवळचा झिजलेला भाग कापून वेगळा आणि उरलेली लोकर तागडीवर किंवा अंदाजानं तोलून ठरवायचं, यात धाकटीचा होईल का? कमी पडत असेल तर बाहीला आणि पट्टीला दुसरा रंग. आमच्या लहानपणच्या कितीतरी स्वेटरांवरचे ते पट्टे शोभेसाठी म्हणून लोक वाखाणत. ते पट्टे म्हणजे लोकर जिथे संपली ती जागा. एकच लोकर तीन-तीन मुलांच्या अंगावरून गेली आणि शेवटी बसायच्या आसनात किंवा दारावरच्या तोरणात विसावली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आईची एक वही होती, निळ्या रेघांची. तिच्यात किराणा नव्हता, हिशेब नव्हता, फक्त मापं. नाव, वर्ष, छाती, उंची, बाही, मुंढा. शेजारी किती टाके घातले, किती गुंडे लागले. मधूनमधून टाचणीनं लावलेले विणीचे चौकोनी तुकडे. काही नमुन्यांपुढे 'बसमधल्या बाईचा' असं लिहिलेलं. एखादी वीण आवडली की ती बाई उतरेपर्यंत डोळ्यांनी वाचायची आणि घरी येऊन काडीवर उतरवायची. इंचाला किती टाके, छत्तीस इंचाला किती, मुंढ्याला किती घटवायचे, हे त्रैराशिक चौथीपर्यंत शिकलेल्या बायका तोंडी करत. त्याला गणित म्हणावं असं कुणाला सुचलं नाही, याचं मला आज वाईट वाटतं.

आणि हात ओळखता येई. कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल. आईचा घट्ट, मावशीचा सैल. एका वर्षी आईचं ऑपरेशन झालं आणि वडिलांचा अर्धा राहिलेला स्वेटर मावशीनं पुरा केला. सुई तीच, लोकर तीच, टाके तितकेच. तरी पाठीवर मधोमध एक आडवी जागा दिसायची, जिथून वीण किंचित पसरली होती. वडिलांनी तो स्वेटर वर्षानुवर्षं घातला. तिकडे बोट दाखवून ते पाहुण्यांना सांगायचे, 'इथपर्यंत ही आणि इथून पुढे मेहुणी.'

सत्तरच्या दशकात कॅशमिलॉन आलं. आकसत नाही, कसर लागत नाही, धुतलं की झटकन वाळतं, रंग तर असे की आधी कधी पाहिले नव्हते. बायकांना ते आवडलं आणि आवडावं असंच होतं. मग लुधियानाचा यंत्रावरचा माल आला. हिवाळा लागला की तिबेटी निर्वासित रस्त्याकडेला स्वेटरांची दुकानं मांडू लागले. तयार स्वेटर लोकरीच्या किमतीत मिळायला लागल्यावर विणत बसण्याला अर्थ उरला नाही. शाळेच्या कार्यानुभवाच्या तासाला रुमाल आणि मफलर तेवढे टिकून राहिले. बायका नोकरीला लागल्या, लोकलमधली गर्दी इतकी झाली की कोपर हलवायला जागा राहिली नाही. कुणी ठरवून सोडलं असं नाही.

आता भाचीनं, थोरल्या बहिणीच्या मुलीनं, परवा मला विचारलं, "मावशी, मला स्वेटर शिकव. जाड लोकरीचा, मोठ्ठा, ढगळ. समोरून उघडा, अंगावर नुसता टाकता येईल असा." तिच्या फोनमधलं चित्र पाहिलं तर खांदे दंडावर उतरलेले, बाह्या बोटांपर्यंत. मला आमची पहिल्या हिवाळ्याची सगळी पलटण आठवली. "हा तर सगळ्यात सोपा," मी म्हटलं, आणि ते खरंच आहे. शिकणाऱ्याला आधी मफलर विणायला लावायची जुनी पद्धत मला कधी पटली नाही. मफलर संपता संपत नाही, हातात काही आकार येत नाही आणि मुलगी कंटाळते. ढगळ कार्डिगनमध्ये पाच सरळ चौकोन असतात. एक पाठ, दोन पुढचे भाग, दोन बाह्या. मुंढा नाही, गळा कोरणं नाही, टाके घटवणं-वाढवणं नाही.

तिला मी आठ मिलिमीटरच्या सुया आणायला सांगितल्या. आमच्या जुन्या मोजणीत ती शून्य नंबरची सुई, जी आमच्यापैकी बहुतेकींनी हातात धरलीच नव्हती. लोकर जाड, पाऊण किलो ते एक किलो लागेल, आणि सगळी एका लॉटची. वीण एकच, दोन्ही बाजूंनी सगळ्या ओळी सुलट. त्यानं कापडाला कडा वळण्याची खोड राहत नाही आणि दोन ओळींची मिळून एक उठावदार आडवी रेघ तयार होते, म्हणून ओळी मोजायला सोप्या. पहिल्यांदा वीस टाक्यांचा नमुना विणायचा, टेबलावर ठेवायचा, न ओढता मोजायचा. तिचे इंचाला तीन टाके आले. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. छाती छत्तीस, ढगळपणासाठी दहा इंच जास्त, झाले शेहेचाळीस. पाठ त्याची निम्मी, तेवीस इंच. तेवीस त्रिक एकोणसत्तर, सम आकडा म्हणून सत्तर टाके. पुढचे भाग पस्तीस-पस्तीस. बाही घेरात सोळा इंच म्हणून अठ्ठेचाळीस टाके, लांबी सतरा, कारण खांदाच दंडावर निम्मा उतरलेला असतो. हीच तेवीस इंचांची पाठ आमच्या चार पदरी लोकरीत दहा नंबरच्या सुईवर विणली असती तर एकशे साठ टाके घालावे लागले असते, आणि ओळीही त्याच प्रमाणात जास्त. हे ऐकून ती गप्प बसली आणि मग म्हणाली, "आजी असं चौघांचं करायची?" चौघांचं, आणि घरातली बाकीची कामं झाल्यावर.

उंची चोवीस इंच हवी असली तरी बावीसच विणावी, कारण एवढ्या वजनाची सुलट वीण अंगावर लोंबून खाली उतरते. नवा गुंडा नेहमी कडेला जोडावा, ओळीच्या मधे गाठ नको. ओळीतला पहिला टाका न विणता नुसता उचलून घेतला की कड स्वच्छ येते. टाका सुटला तर घाबरायचं नाही, जाड लोकरीत तो लगेच दिसतो आणि क्रोशाच्या सुईनं शिडी चढल्यासारखा वर आणता येतो. पाठीचे चोवीस टाके एका खांद्याला, चोवीस दुसऱ्या, मधले बावीस मानेसाठी मोकळे. पुढच्या भागाचे चोवीस खांद्याला शिवले की उरलेले अकरा आपोआप बाहेर वळून कॉलर होते. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर ठेवून दोन्हीकडे जोडत जायचं, मग बाहीच्या टोकापासून बगलेपर्यंत आणि तिथून खाली एका दमात शिवण. शिवताना दोरा खेचायचा नाही, ही एकच गोष्ट मी तिला पुन्हा पुन्हा सांगते.

तिचा हात आईवर गेलाय, घट्ट. पहिली रेघ मी बोटांनी चाचपली तेव्हाच कळलं. म्हणून सुई एक माप जाड घे म्हटलं, ती म्हणाली थांब, आधी मोजते. नमुना पुन्हा विणला, पुन्हा मोजला, तीनच्या जागी आता सव्वातीन येत होते, तेव्हा कुठे नऊ मिलिमीटरची सुई घेतली. आता ती बसते, ऑफिसचा फोन कानाला आणि सुया चालू. मधेच ओठ हलतात. मी पाणी हवं का विचारायचं थांबवते.

पुरा झाल्यावर तो हँगरवर कधीही लावू नकोस, हे आधीच सांगून ठेवलं आहे. खांदे ओघळतील. धुताना कोमट पाणी, रिठा नाहीतर लोकरीचा साबण, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत चादरीवर आडवा पसरून वाळवायचा, त्याच वेळी हातानं माप सारखं करायचं. उन्हाळा लागला की घडी घालून, मधे कडुनिंबाचा वाळका पाला ठेवून ट्रंकेत. लोकर खरी मेंढीची असेल तर पाला हवाच. कॅशमिलॉनची असेल तर नुसती घडी पुरे. दोन गुंडे उरले तर टाकू नकोस, कोपर विरले की लागतील.